बीपीचे कॅम्प भरपूर होतात, तरी बीपी कंट्रोल का होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: दोन वर्षं तुमच्या भागात बीपी तपासणीचे कॅम्प चालू आहेत, हजारो लोकांचं बीपी मोजलं, पोस्टर लावले, मीठ कमी करा, व्यायाम करा हे सांगून झालं, पण नोंद झालेल्या पेशंटपैकी बीपी कंट्रोलमधे असलेल्यांचं प्रमाण चारात एकाच्या पुढे सरकत नाहीये. आता कॅम्प वाढवावेत की जनजागृतीवर आणखी पैसा घालावा?

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, आधी ओपीडीत बसून आणि नंतर कार्यक्रम चालवणारा म्हणून, आणि माझं उत्तर असं की सध्या दोन्ही थांबवा. कायमचं नाही, काही महिने. कारण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी दिसतंय की तुमची अडचण पेशंट सापडत नाहीत ही नाहीच, सापडलेला पेशंट हातातून निसटतोय ही आहे. बादलीला खाली भोक असताना वरून पाणी ओतत राहिलं की माणसं दमतात आणि बादली तेवढीच राहते. तुमच्या स्टाफचं नेमकं तेच झालंय असं वाटतं.

आधी त्या चारात एकाचा हिशोब बघा. तो आकडा कोणत्या लोकांमधून काढलाय? हे विचारतोय कारण मी स्वतः यात फसलोय. सुरुवातीच्या काळात आम्ही महिन्याला जेवढे पेशंट तपासणीला आले त्यांच्यातले किती कंट्रोलमधे हे मोजायचो, आकडा छान दिसायचा, सगळे खूश. मग एका सिस्टरने साधा प्रश्न विचारला, सर, जे आलेच नाहीत ते कुठे धरले? आम्ही नोंद झालेल्या प्रत्येकाला हिशोबात घेतलं, शेवटच्या तीन महिन्यांत ज्याचं बीपी मोजलंच गेलं नाही त्याला कंट्रोलमधे नाही असं धरलं, आणि आकडा निम्म्याच्याही खाली आला. खूप वाईट वाटलं होतं त्या दिवशी. पण खरं काम तिथून सुरू झालं. न आलेला पेशंट आकड्यात दिसला नाही तर तो कुणालाच दिसत नाही, कारण येणारे इतके असतात की जो येत नाही त्याची आठवण काढायला वेळच उरत नाही.

ही अडचण एकट्या तुमची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मधे बीपीवर पहिला जागतिक अहवाल काढला, त्यात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या साधारण पाचात एकाचंच कंट्रोलमधे आहे असं आलंय. जवळजवळ निम्म्यांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नाही हेही खरं, म्हणून तपासणी नको असं मी म्हणत नाहीये. पण ज्यांना माहीत आहे, ज्यांच्या हातात कधी ना कधी चिठ्ठी पडली, त्यांच्यातलेही बहुतेक कंट्रोलमधे नाहीत. तुमच्याकडे जी गळती आहे ती याच दुसऱ्या गटाची.

आता कॅम्पबद्दल थोडं, कारण यात लोकांची खूप मेहनत जाते. कॅम्पमधे ज्यांचं बीपी जास्त निघतं त्यांच्यात बऱ्याच जणांना ते आधीपासून माहीत असतं. काहींचं घाईत, उभ्याउभ्या, गप्पा मारत मोजल्यामुळे जास्त येतं आणि नंतर शांतपणे मोजलं की नॉर्मल निघतं. राहिले खरे नवे पेशंट, त्यांना आपण काय देतो? "डॉक्टरांना दाखवा" असं लिहिलेला कागद. त्या कागदाच्या भरवशावर माणूस कामाचा दिवस बुडवून, काहीही दुखत नसताना, रांगेत जाऊन उभा राहील ही आपली अपेक्षा असते, आणि बहुतेक जण तसं करत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण लॉस एंजेलिसमधलं आहे. २०१८ मधे प्रसिद्ध झालेला प्रयोग, कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांमधे केलेला. दोन्ही गटांत बीपी मोजलं गेलं. एका गटात केस कापणाऱ्याने गिऱ्हाइकाला समजावलं की जीवनशैली बदला, डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या गटात प्रशिक्षित फार्मासिस्ट तिथेच येऊन, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीनुसार, औषध सुरू करायचा आणि वाढवायचा. सहा महिन्यांनी सल्लावाल्या गटात वरचं बीपी सरासरी ९ ने कमी झालं, औषधवाल्या गटात २७ ने. १३०/८० च्या खाली आलेले पहिल्यात साधारण १२ टक्के आणि दुसऱ्यात जवळपास ६४ टक्के. जागा तीच, लोक तसेच, मोजणीही तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी माणसाला उपचाराकडे पाठवलं आणि दुसऱ्या ठिकाणी उपचार माणसाकडे आला.

पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. तुमच्याकडे नर्स किंवा फार्मासिस्टला औषध देण्याचा, वाढवण्याचा अधिकार कायद्याने आहे का, औषधाचा पुरवठा तुमच्या हातात आहे की वरून येतो, पेशंटला केंद्र किती लांब पडतं, किती स्टाफ आहे, यावर कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर हे बदलेल. मी माझा क्रम सांगतो आणि तो का ते सांगतो.

सगळ्यात आधी औषधाचा स्टॉक. हे ऐकायला अगदी किरकोळ वाटतं पण पेशंट आला आणि औषध नाही असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो येत नाही, आणि मग तुम्ही कितीही फोन करा. आम्ही एका केंद्रात सहा महिने समुपदेशनावर जोर दिला, काही हललं नाही, मग कळलं की तिथे एक गोळी महिन्यातले दहा-बारा दिवस संपलेली असायची आणि पेशंटला अर्धा कोर्स देऊन परत बोलवायचे. समुपदेशन बंद केलं नाही, पण स्टॉक नीट केल्यावर लोक आपोआप यायला लागले. तुमच्या केंद्रांवर गेल्या सहा महिन्यांत कुठलं औषध किती दिवस नव्हतं हे काढा, एका दुपारचं काम आहे.

दुसरं, सगळ्यांसाठी एकच ठरलेला प्रोटोकॉल. यावर डॉक्टर मंडळी चिडतात, मीही चिडलो होतो, प्रत्येक पेशंट वेगळा असतो म्हणून. असतोच. पण साध्या, गुंतागुंत नसलेल्या बीपीच्या बहुसंख्य पेशंटसाठी औषधांचे तीनच मुख्य गट लागतात: अम्लोडिपिनसारखी दीर्घकाळ चालणारी कॅल्शियम चॅनल ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारी), टेल्मिसार्टन किंवा लिसिनोप्रिलच्या गटातली, आणि क्लोरथॅलिडोनसारखी थायाझाइड गटातली लघवी वाढवणारी. कुठल्या औषधाने सुरू करायचं, महिन्याने बीपी १४०/९० च्या खाली नसेल तर काय जोडायचं, त्यानंतर काय, हे एका पानावर औषधाच्या नावासकट आणि डोससकट लिहायचं, आणि त्याच पानावर अपवाद ठळक लिहायचे: गरोदर बाई किंवा जिला दिवस राहू शकतात तिला टेल्मिसार्टन, लिसिनोप्रिल द्यायचं नाही, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांकडे पाठवायचं, आधी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला असेल तर टार्गेट आणखी खाली. एक प्रोटोकॉल असला की तीनच औषधं मोठ्या प्रमाणात घ्यावी लागतात, म्हणजे स्वस्त पडतात आणि पुढच्या तिमाहीला किती लागतील ते आधी काढता येतं, नर्सला शिकवता येतं, बदलून आलेला डॉक्टर पहिल्या दिवसापासून त्याच वाटेने जातो. दहा प्रकारच्या गोळ्या ठेवल्या की त्यातल्या तीन-चार कायम संपलेल्या असतात.

जमलं तर दोन औषधं एकाच गोळीत असलेली घ्या. दोन गोळ्यांपेक्षा एक गोळी घेणं सोपं हे कारण आहेच, पण त्याहून महत्त्वाचं असं की एकाच औषधाचा डोस दुप्पट केल्याने बीपी फार थोडं उतरतं, त्याऐवजी दुसऱ्या गटातलं औषध कमी डोसमधे जोडलं तर साधारण पाचपट जास्त फायदा होतो, आणि डोस कमी असल्याने त्रासही कमी.

तिसरी गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही, पण मला खात्री आहे की ती तुमच्याकडे आहे, कारण मी जिथे जिथे गेलोय तिथे ती होती. पेशंट आलाय, बीपी १५२/९४ आहे, आणि त्याचं औषध तेच ठेवून त्याला परत पाठवलंय. का? तर आज चालत आलाय, आज जरा टेन्शनमधे आहे, झोप झाली नाही म्हणतोय, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी १४८ असतं, मग वाटतं उतरतंय की. असं करत दोन वर्षं जातात. डॉक्टर दयाळूपणे वागतोय, पेशंटला आणखी गोळी नको वाटतेय म्हणून ऐकतोय, आणि त्या दयेत पेशंटचं नुकसान होतंय. आम्ही शंभर केसपेपर काढून बघितले होते, बीपी जास्त असताना औषध किती वेळा वाढवलं एवढंच, आणि बहुसंख्य वेळा काहीच बदललेलं नव्हतं. तोपर्यंत आम्ही सगळे ठामपणे म्हणत होतो की पेशंट गोळ्या घेत नाहीत म्हणून कंट्रोल नाही. काही घेत नव्हते, पण बरेच जण मुकाट्याने घेत होते, फक्त ती गोळी त्यांना पुरेशी नव्हती. तुम्हीही केसपेपर काढा. आणि हे डॉक्टरांना रागवण्यासाठी वापरू नका, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आकडा एकांतात दाखवा, बहुतेक जण स्वतःच अस्वस्थ होऊन सुधारतात.

औषध वाढवायचं म्हणताना एक काळजी: वयस्कर माणसांना उभं राहून एकदा बीपी मोजा, उठल्यावर चक्कर येते का विचारा, पडून हाड मोडलं तर सगळं व्यर्थ. आणि दुखण्यावरच्या गोळ्या रोज चालू आहेत का हे विचाराच, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि पेशंट ते सांगत नाही, त्याच्या मते ते औषधच नसतं.

आता फॉलोअप. बीपी कंट्रोलमधे येईपर्यंत महिन्याला बोलवा, पण एकदा आलं की तीन महिन्यांचं औषध एकदम द्या. लोक घाबरतात की मग पेशंट येणारच नाही. माझा अनुभव उलटा आहे, वर्षातून बारा वेळा या म्हटलं की माणूस सहाव्या फेरीला सोडून देतो, चार वेळा म्हटलं तर चारही वेळा येतो. शिवाय कंट्रोलमधे असलेल्यांची गर्दी कमी झाली की नर्सला ज्यांचं बीपी चढलेलं आहे त्यांच्याशी बोलायला दहा मिनिटं मिळतात, ही दहा मिनिटं इतर कुठून मिळणार नाहीत.

आणि न आलेल्यांची यादी. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसाने काढायची. ज्याची तारीख उलटून आठवडा झाला त्याला फोन, फोन लागला नाही तर आरोग्य सेविका घरी. फोनवर "तुम्ही का आला नाहीत" असं विचारायचं नाही, तो प्रश्न कानाला दरडावल्यासारखा लागतो आणि माणूस खोटं सांगतो. "यायला काय अडचण झाली" असं विचारा. मग खरी कारणं निघतात आणि ती ऐकून तुमच्या केंद्राबद्दलच जास्त कळतं. बरं वाटत होतं म्हणून थांबवलं, हे पहिलं. केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच. पाय सुजायला लागले, हे अम्लोडिपिनने होतं. कोरडा खोकला लागला, हा लिसिनोप्रिलच्या गटाने होतो, औषध बदलून सुटतो पण पेशंटला वाटतं गोळीच वाईट. एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते म्हणून सुरूच नको. आम्हाला एका ठिकाणी कळलं की लोक येत होते, पण सकाळी बीपीच्या रांगेत उभे राहून मग नोंदणीच्या रांगेत, मग औषधाच्या रांगेत, तीन रांगांना कंटाळून निघून जायचे. एक रांग केली. त्याला काहीही खर्च आला नाही.

मोठ्या प्रमाणावर हे सगळं जमतं का, तर जमतं. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत २००१ मधे बीपी कंट्रोलमधे असलेले साधारण ४४ टक्के होते, २००९ मधे ८० टक्के, आणि तेवढ्या काळात नोंद असलेले पेशंट साडेतीन लाखांवरून साडेसहा लाखांवर गेले होते. त्यांनी काय केलं? सगळ्या पेशंटची एक नोंदवही, सोपा प्रोटोकॉल, दोन औषधांची एक गोळी, फक्त बीपी मोजायला सहायकाकडे फुकट भेट, आणि प्रत्येक केंद्राला दर काही महिन्यांनी त्याचा आकडा. तुम्ही म्हणाल ती श्रीमंत संस्था. मग चीनमधल्या ३२६ खेड्यांचा प्रयोग बघा, जवळपास ३४ हजार लोक, तिथले कमी शिक्षण झालेले गावडॉक्टर ठरलेल्या प्रोटोकॉलने औषध द्यायचे आणि वरून डॉक्टरांची देखरेख. दीड वर्षाने १३०/८० च्या खाली आलेले ५७ टक्के, नेहमीसारखे उपचार चाललेल्या खेड्यांत २० टक्के.

मोजणीबद्दल. तुमचं रजिस्टर उघडा आणि फक्त शेवटचा अंक बघत खाली जा. १४०/९०, १३०/८०, १५०/९०, सगळे शून्यावर संपतायत का? मग कुणीतरी अंदाजाने लिहितंय, आणि त्या आकड्यांवर ना औषध वाढवता येतं ना कार्यक्रम तपासता येतो. तपासलेलं ऑटोमॅटिक मशीन घ्या, दंडाला गुंडाळायचे पट्टे, म्हणजे कफ, दोन-तीन मापांचे ठेवा कारण जाड दंडावर लहान कफ लावला तर बीपी बरंच जास्त दिसतं, पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही, लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा, आणि दोनदा मोजा. ज्यांना घरी मशीन परवडतं त्यांनी घरी मोजावं, तिथे १३५/८५ ही मर्यादा धरायची.

जनजागृती आणि मीठ यावर मी अजून बोललो नाही, मुद्दामच. मीठ महत्त्वाचं आहे, खूपच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि जगाची सरासरी त्याच्या दुप्पट आहे. पण "मीठ कमी खा" हे एकेका माणसाला सांगून होणारं काम नाही. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८५ मधे मांडलं होतं की सगळ्या लोकसंख्येचा धोका थोडासा खाली सरकवला तर त्याचा फायदा फक्त जास्त धोका असलेल्या मोजक्यांना गाठण्यापेक्षा मोठा असू शकतो, आणि मीठ हे त्याचं चांगलं उदाहरण आहे, कारण ते आजारी आणि निरोगी सगळेच खातात. ते कमी कसं करायचं हे मीठ कुठून येतं यावर ठरतं. जिथे बहुतेक मीठ पाकिटबंद आणि बेकरीच्या पदार्थांतून येतं तिथे कारखान्यांवर मर्यादा घालावी लागते, माणसाच्या हातात फारसं काही नसतं. जिथे ते घरच्या स्वयंपाकातून येतं तिथे मीठच बदलणं हा उपाय आहे. चीनच्या ६०० खेड्यांत, सुमारे २१ हजार लोकांत, ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण देऊन पाहिलं, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, २०२१ मधे ते निष्कर्ष आले. मात्र किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असलेल्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. हे काम तुमच्या पातळीवर नसेल, वरच्या पातळीवर मागणी करत राहा, पण त्याची वाट बघत न आलेल्यांची यादी थांबवू नका.

तर माझा क्रम असा राहील: स्टॉक, एक पानाचा प्रोटोकॉल, बीपी चढलेलं असेल तर त्याच दिवशी औषधात बदल, तीन महिन्यांचं औषध, दर आठवड्याला न आलेल्यांची यादी, आणि हे रुळलं की मग कॅम्प, तेही असे की औषध आणि पुढची तारीख जागेवरच मिळेल. सगळ्या केंद्रांवर एकदम सुरू करू नका. जिथली सिस्टर उत्साही आहे अशी दोन केंद्रं घ्या, तिथे चुका करा, दुरुस्त करा, मग बाकीची.

एक गोष्ट मात्र आजच वरिष्ठांच्या कानावर घालून ठेवा. न आलेल्यांना हिशोबात धरायला लागलात की पहिल्या तिमाहीत तुमचा आकडा चारात एकाच्याही खाली जाईल. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा बैठकीत विचारणा झाली आणि एका चांगल्या अधिकाऱ्याने घाबरून जुन्या पद्धतीने मोजायला परत सुरुवात केली, पूर्ण वर्ष वाया गेलं. जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींचे आकडे सहा महिने शेजारी शेजारी लिहा, म्हणजे खाली गेलेला आकडा मोजणीमुळे गेलाय की कामामुळे हे कुणालाही दिसेल.